आधी आवाज बंद करून बघा, मग बोला

निळा_कोपरा
परवाच्या धाग्यावर एकाने ठणकावलंय, 'ठोसा लागला की लागला. समालोचक काय बरळतो याने काय फरक पडतो? मला डोळे आहेत.' प्रतिसाद लांबला, म्हणून हा वेगळा धागा.

२०१७, ब्रिस्बेन, पॅकियाओ-हॉर्न बॉक्सिंग लढत. थेट बघताना मी हॉर्नला बारापैकी तीनच फेऱ्या दिल्या होत्या. तिन्ही जजनी त्याला जिंकवल्यावर समालोचक टेडी अ‍ॅटलस भडकला, मीही भडकलो. पुढे एकदा आवाज बंद करून कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पॅकियाओचे डाव्या हाताचे कितीतरी ठोसे हॉर्नच्या ग्लव्हजवर विरताना दिसले. माझी बेरीज ११४-११४, म्हणजे सहा-सहा फेऱ्या! डब्ल्यूबीओ या बॉक्सिंग संघटनेने पाच जणांकडून फेरतपासणी केली, त्यातही हॉर्नच्या सात फेऱ्या निघाल्या.

डावखुरा
तो डोळेवाला मीच. नवव्या फेरीनंतर रेफ्री हॉर्नच्या कोपऱ्यात जाऊन लढत थांबवायची भाषा करून आला. त्याच्या कानात काय अ‍ॅटलस बोलत होता?

निळा_कोपरा
नववी पॅकियाओचीच, पण १०-९, म्हणजे एकाच गुणाचा फरक. तुझ्या डोक्यात मात्र ती एकटी पाच फेऱ्यांची जागा अडवून बसलीय.

डावखुरा
आणि २०१२ ची पॅकियाओ-ब्रॅडली लढत? टीव्हीवर गुण सांगणाऱ्या लेडरमनने पॅकियाओला ११९-१०९ दिले, दोन जजनी ११५-११३ ब्रॅडलीला. तेव्हा डब्ल्यूबीओच्याच पाचही जणांनी पॅकियाओला जिंकवलं. म्हणजे समालोचक बरोबर! सोयीची तेवढी लढत उचलायची.

तिसरी_खुर्ची
समालोचकाचं काय घेऊन बसलात? क्लबच्या स्पर्धांत मी गुण दिलेत. एकदा लाल कोपरावाल्याची पाठ माझ्याकडे होती. थाड् आवाज आला, प्रेक्षक उसळले, मी फेरी देऊन मोकळा. रात्री व्हिडिओत बघतो तर ठोसा दंडावर! कुणाला सांगितलं नाही तेव्हा.

घंटा_वाजली
जजवर विश्वासच नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये मेरी कोमने तीनपैकी दोन फेऱ्या घेतल्या आणि तरी हरली. बोला.

तिसरी_खुर्ची
पहिली फेरी ४-१ ने गेली होती, म्हणजे पाचपैकी चार जजनी समोरचीला दिली. प्रत्येक जजची बेरीज वेगळी धरतात, फेऱ्या मोजत नाहीत. म्हणून ३-२.

घंटा_वाजली
गणित शिकवू नका. तिला स्वतःला जिंकल्यासारखं वाटत होतं.

तिसरी_खुर्ची
रिंगमधून उतरणाऱ्या दोघांनाही तसंच वाटतं हो! आणि दंडाला जज बनवणाऱ्याने गणित शिकवू नये, हेही मान्य. झालं समाधान?

घंटा_वाजली
झालं नाही. समोर कोण होती, हे तरी न शोधता सांगा. तुम्ही सगळे जिंकणाऱ्याचे वकील.

तिसरी_खुर्ची
इंग्रिट व्हॅलेन्सिया. वकिलाची फी पाठवा.

निळा_कोपरा
अहो, धागा समालोचनाचा आहे!

डावखुरा
काल रात्री हॉर्न बघितली. आवाज बंद करून. पाच फेऱ्या दिल्या त्याला. सहा नाही, पाच. आधी किती दिल्या होत्या ते विचारू नकोस.

निळा_कोपरा
किती?

डावखुरा
दोन. आता गप्प बस.