वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टमध्ये गोल्डफिश देणं बंद करा

कृष्णाकाठची (विश्रामबाग, सांगली)

मागच्या वर्षी मार्चमध्ये लेक वर्गातल्या मुलाच्या वाढदिवसाहून आली ती पाण्याची पिशवी हातात धरूनच. आत अंगठ्याएवढा ओरांडा जातीचा गोल्डफिश, डोक्यावर लाल टोपी नुकती कुठे फुटायला लागलेली. सोबत काचेचा बाऊल आणि दाण्यांची पुडी. बारा मुलं, बारा पिशव्या.

आम्ही बाऊलमध्ये नळाचं पाणी भरलं आणि मासा सोडला. दुसऱ्या दिवशी तो वर येऊन तोंडाने हवा गिळत होता. लेक म्हणाली, "आई, भूक लागलीय त्याला," म्हणून आणखी दाणे टाकले. तिसऱ्या दिवशी शेपटीत लाल रेघा उठल्या. चौथ्या दिवशी सकाळी तो आडवा तरंगत होता. त्या दिवशी लेकीने शाळेचा डबा न उघडता परत आणला. आयांच्या ग्रुपवर विचारलं, तर आठवड्यात बारातले नऊ गेले होते.

हे नशीब नव्हतं. मासा कल्ल्यांमधून सतत अमोनिया सोडतो. पाणी आरशासारखं स्वच्छ दिसतं आणि आत विष साठत जातं. फिल्टरच्या स्पंजवर जिवाणूंची वस्ती बसली की ते अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट, आणि ते आपण पाणी बदलून काढतो. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. बाऊलमध्ये फिल्टरच नाही, तर वस्ती बसणार कुठे? त्यात गोल्डफिश कार्पच्या कुळातला, त्याला जठर नसतं, दिवसभर चरतो आणि दिवसभर घाण करतो. चांगला वाढला तर ओरांडा १५ ते २० सेंटिमीटर होतो.

माझं म्हणणं सरळ आहे. कुणाच्या घरी टँक आहे की नाही हे न विचारता जिवंत मासा भेट देऊ नये. ज्याला पाळायचाय त्याने आधी महिनाभर फिल्टर चालवावा, मग मासा आणावा.

दुकान_हरभटरोड

ताई, लेकीचं ऐकून वाईट वाटलं. पण मी चौदा वर्षं मासे विकतो, त्यामुळे माझीही बाजू ऐका. आज माझ्याकडे चार-चार फुटी टँक ठेवणारी जी गिऱ्हाइकं आहेत, त्यातली निम्मी पहिल्यांदा बाऊल घ्यायलाच आली होती. मी त्यांना "महिन्याने या" म्हटलं असतं तर ती पुढच्या दुकानात गेली असती आणि तिथे कुणी एक शब्द सांगितला नसता. मी निदान नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारणाऱ्या अँटिक्लोरीनची बाटली हातात देतो, पाणी चोवीस तास बादलीत ठेवा म्हणून सांगतो. मासा गेला म्हणून गिऱ्हाईक परत येतं तेव्हाच ते ऐकून घेतं. त्याआधी कुणी ऐकत नाही, हा माझा अनुभव आहे.

मिरज_जंक्शन

दुकानवाल्या दादांशी मी सहमत. लहानपणी वडिलांनी बरणीत दोन मासे आणून दिले होते. तेही गेले. पण ते गेले म्हणून मी वाचायला लागलो आणि पंचवीस वर्षांनंतरही माझ्या घरी टँक आहे. मुलांना जीव लावायला शिकवायचं तर जाणंही बघावं लागतं. आणि बाऊलमधला मासा मरतोच असं कुठंय? १९५६ साली इंग्लंडमध्ये जत्रेत बक्षीस मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ पर्यंत जगला, ४३ वर्षं. भेट मिळालेलाच मासा होता की तो!

कृष्णाकाठची

दादा, टिश साधा गोल्डफिश होता. लांब अंगाचा, एका शेपटीचा, काटक. आपल्याकडे पिशवीत येतात ते ओरांडा, रयुकिन, ब्लॅक मूर, म्हणजे निवडून पैदा केलेल्या फॅन्सी जाती. त्यांचं अंग आखडून गोल केलेलं असतं. त्या एवढ्याशा पोटात आतडी, अंडी आणि हवेची पिशवी सगळं कोंबलेलं. जरा बिनसलं की मासा उलटा होतो. पोहायला हळू, म्हणून साध्या माशांबरोबर ठेवला तर दाणा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. साध्याच्या काटकपणावर फॅन्सीचा जीव टांगू नका.

आणि जाणं बघावं हे खरं. पण म्हातारा होऊन गेलेला मासा बघणं वेगळं आणि चार दिवस गुदमरताना बघणं वेगळं. माझी लेक सात वर्षांची होती.

तासगावची_शिक्षिका

मी जीवशास्त्र शिकवते. मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. बाऊल की टँक हा नंतरचा प्रश्न. चीनमध्ये हजार वर्षांपूर्वीपासून लोकांनी हा मासा निवडून निवडून असा केला. बबल आय जातीच्या डोळ्यांखाली पाण्याचे फुगे, दगडाला घासले की फुटतात. सेलेस्टियलचे डोळे कायम आभाळाकडे, त्याला समोरचं दिसत नाही. रांचूच्या पाठीवरचा परच नाही, म्हणून तोल जातो. असा जीव मुद्दाम पैदा करायचा आणि मग "आम्ही त्याची काळजी घेतो" म्हणायचं, हे मला पटत नाही. तुम्ही उत्तम टँक ठेवता ताई, पण तुम्ही विकत घेता म्हणून तो पुन्हा पैदा होतो.

कृष्णाकाठची

बाई, तुमचा मुद्दा मी दोन दिवस मनात घोळवला. बबल आय आणि सेलेस्टियल मी कधीच घेणार नाही, तिथे तुमचं शंभर टक्के मान्य. पण जे जन्मलेत त्यांचं काय? माझ्याकडच्या तीनमधले दोन लोकांनी नको म्हणून दिलेले आहेत. एक ब्लॅक मूर आहे. कुणाच्या घरी वास्तूसाठी आठ सोनेरी, एक काळा असे नऊ मासे दोन फुटी टँकमध्ये होते. दोन बाय एक बाय एक फूट म्हणजे जेमतेम ५६ लिटर पाणी, तिथे एकच फॅन्सी धड मावत नाही. आठ गेले, हा काळा उरला. आणला तेव्हा त्याला दाणा दिसायचा नाही. मी टिचकी मारून एकाच कोपऱ्यात भिजवलेले, बुडणारे दाणे टाकत गेले. तिसऱ्या आठवड्यात टिचकी वाजली की तो त्या कोपऱ्यात येऊन थांबायला लागला. त्याला मी "तू जन्मायलाच नको होतास" असं कसं म्हणू?

कुपवाडचा_पप्पू

एवढं काय ओ त्यात. नको झाला तर काळ्या खणीत नाहीतर नदीला सोडायचा की. जगंल बिचारा. आमच्यातल्या पोरांनी सोडल्यात मागं.

तासगावची_शिक्षिका

नको, कृपा करून नको. गोल्डफिश तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, दुसऱ्या माशांची अंडी खातो. अंगावरचे परजीवी नदीतल्या माशांना देतो. आणि फॅन्सी असला तर तो दोन दिवसांत बगळ्याच्या तोंडात. या एका गोष्टीवर तरी आपलं सगळ्यांचं एकमत व्हावं.

मिरज_जंक्शन

सोडायचं नाही, हे कबूल. पण ताई, तुमचा महिनाभराचा नियम सामान्य घराला झेपणारा नाही. एप्रिलात आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो, लाईट जाते. तीन फुटी टँक, फिल्टर, वर इन्व्हर्टर. गोल्डफिश फक्त पैसेवाल्यांनी पाळायचा का?

कृष्णाकाठची

पैसेवाल्यांनी नाही, तयारी असलेल्यांनी. उन्हाळ्याचं म्हणाल तर मला पाणी थंड करणारा चिलर परवडत नाही. २० अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. म्हणून एप्रिल-मेमध्ये झाकण काढून वरून छोटा पंखा लावते, दोन-तीन अंश उतरतात. दुपारी दाणे बंद. लाईट गेली तर बॅटरीवरचा एअर पंप आणि साधा स्पंज फिल्टर. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलायचं, स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा. नळाखाली धुतला तर क्लोरीनने जिवाणू मरतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तीन बाय दीड बाय दीडचा जुना टँक मला मिरजेत अर्ध्या किमतीत मिळाला. एवढं ज्याला जमत नाही त्याने गप्पी पाळावेत, त्यात कमीपणा नाही. पण हे जमेल का, असं त्या बारा आयांपैकी एकीलाही कुणी विचारलं नव्हतं. माझं भांडण तेवढंच आहे.

दुकान_हरभटरोड

ताई, खरं सांगतो. काल एक बाई आल्या होत्या. मुलाच्या वाढदिवसाला वीस पिशव्या हव्यात, बाऊलसकट. आधी मी लगेच हो म्हटलं असतं. काल "उद्या सांगतो" म्हणालो. वीस बाऊलचा धंदा सोडणं मला सोपं नाही, घर त्यावर चालतं. अजून ठरलेलं नाही.

कृष्णाकाठची

त्या बाईंना माझ्याकडे पाठवा. मुलालाही घेऊन येऊ दे. संध्याकाळी सहाला दाण्याची वेळ असते, ब्लॅक मूरसाठी टिचकी त्यालाच मारायला देईन.