जुना डिशवॉशर काढून नवा घरीच बसवायचा आहे

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)
आमचा ११ वर्षांचा डिशवॉशर तळातून गळू लागल्याने नवा घ्यायचे ठरले असून, तो बसवण्याचे काम मी आणि मुलगा मिळून करणार आहोत. ओट्याखालची जागा ६१ सेंटीमीटर रुंद आणि ८६ सेंटीमीटर उंच आहे. मध्यंतरी जुन्या फरशीवरच नव्या टाइल्स बसवल्या, पण डिशवॉशर जागचा हलवला नव्हता. पाणी गच्चीवरच्या टाकीतून येते आणि उन्हाळ्यात त्यात बोअरचे पाणी मिसळते. आधी काय पाहावे?

उत्तर (मिरज)
ताई, उंचीचे माप आतल्या जुन्या फरशीपासून न घेता समोरच्या नव्या टाइलपासून ओट्याच्या खालच्या कडेपर्यंत घ्या, कारण यंत्र आत जाणार आहे ते तेवढ्याच फटीतून. तिथे ८४ भरले, तर साडेचौऱ्याऐंशीचे यंत्र आतल्या जागेत मावत असूनही आत सरकणार नाही. काही यंत्रांचे वरचे झाकण काढता येते. खरेदीपूर्वी तेवढे विचारून घ्या. जुने यंत्र काढताना प्लग काढून यंत्राला पाणी देणारा नळ (अँगल कॉक) बंद करा आणि पाय फिरवून पूर्ण आत घ्या. तरीही ते अडले, तर ओढाताण न करता समोरच्या टाइल्सची एक ओळ काढलेली बरी. ग्रॅनाइटला तडा गेला तर ते नुकसान फार मोठे असते. तळात थोडे पाणी उरलेलेच असते, म्हणून खाली जुनी चादर अंथरा.

पाणी येण्याचा पाइप आणि त्यातला रबरी वायसर नवाच वापरा. पाइपच्या टोकाशी चौकोनी डबा असेल, तर त्यात विजेवर चालणारी झडप असते. तो पाइप कापू नये. सांडपाण्याचा पाइप सिंकला जोडण्यापूर्वी ओट्याच्या खालच्या बाजूपर्यंत उंच नेऊन तिथे बांधा, नाहीतर सिंकमधले खरकटे पाणी उलट यंत्रात येते. विजेसाठी अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा सॉकेटच हवा, एक्स्टेंशन बोर्ड नको.

उत्तर (सातारा)
वरील सर्व बरोबर आहे. मला पाण्याविषयी सांगायचे आहे. टाकीच्या दर १० मीटर उंचीमागे सुमारे १ बार दाब मिळतो, म्हणजे एकमजली घरात तो जेमतेम पाव ते अर्धा बार भरतो. यंत्राला किमान किती दाब लागतो, हे माहितीपत्रकात पाहूनच यंत्र निवडा. दुसरे म्हणजे, बोअरच्या पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातले क्षार, तपासून यंत्रातील सेटिंग त्याप्रमाणे बदला. मी ते कारखान्यातून आले तसेच ठेवले होते आणि महिनाभरात काचेच्या पेल्यांवर बोटाने खरवडता येईल असा पांढरा थर बसला. जडपणा कमी करण्यासाठी यंत्रात जे मीठ घालतात, ते डिशवॉशरचेच घाला आणि भरल्यावर लगेच यंत्र चालवा, कारण सांडलेल्या मिठाने स्टीलला गंज चढतो.

प्रश्नकर्ती
आत्ताच टाइलवरून मोजले, ८३.८ भरले. ८४.५ चे यंत्र जवळजवळ नक्की केले होते, ते आता थांबवते आणि झाकण निघणारे पाहते.