मदत हवी आहे: बोअरच्या पाण्याचे डाग, रंगावरचं जाळं आणि काळवंडलेली अलॉय चाकं. घरच्या घरी कितपत जमेल?

नमस्कार मंडळी,

बाबांची गाडी आहे, गडद निळी हॅचबॅक. निवृत्त झाल्यावर हौसेने घेतली. आता गुडघ्यांमुळे ते चालवत नाहीत, मीच चालवते. पण सकाळी खाली जाऊन गाडीभोवती एक चक्कर मारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. म्हणून तिची ही कळा मला बघवत नाही.

आम्ही पुण्याच्या पूर्वेला राहतो. सोसायटीला बोअरचं आणि टँकरचं पाणी, पार्किंग उघड्यावर, शेजारच्या प्लॉटवर बांधकाम. गाड्या पुसायला येणारे दादा कष्टाळू आहेत, पण एका बादलीत आणि एका फडक्यात त्यांना पूर्ण विंग उरकायची असते.

सध्याची अवस्था अशी. बॉनेट, टप आणि काचांवर पांढरे गोल ठिपके आहेत, शाम्पूने हलत नाहीत. उन्हात पाहिलं की रंगावर बारीक चऱ्यांचं गोलगोल जाळं दिसतं, सावलीत काही दिसत नाही. धुऊन झाल्यावरही दारांवरून हात फिरवला की खरखर लागते. अलॉय काळे-चंदेरी, मशिन कट आहेत. त्यांच्यावर तपकिरी थर बसलाय आणि एका चाकावर, व्हॉल्व्हच्या जवळ, लॅकरच्या (वरच्या पारदर्शक थराच्या) खाली पांढऱ्या दोऱ्यासारख्या रेषा आल्या आहेत.

एका ठिकाणी रबिंग, पॉलिश आणि वर सिरॅमिक कोटिंग (रंगावर लावायचा संरक्षक थर) असं सगळं एकदम करून घ्यायला सांगितलं. खर्च मोठा आहे. तो करायचाच झाला तर करेन, पण दादांचं तेच फडकं पुन्हा फिरणार असेल तर किती दिवस टिकेल?

पार्किंगमध्ये नळ नाही आणि पाइप लावायला सोसायटीची मनाई आहे. प्रेशर वॉशर नाही. लिफ्टने दोन बादल्या खाली नेऊ शकते आणि रविवारची सकाळ देऊ शकते. एवढ्यात काय काय होईल? सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १

ताई, तुमच्या शेवटच्या शंकेतच उत्तर आहे. आधी धुण्याची पद्धत बदला, पॉलिशचं नंतर पाहू. गाडी दादांकडून पुसून घेणं उद्यापासून बंद करा. त्यांचे पैसे चालू ठेवायचे असतील तर आतली साफसफाई आणि काचा द्या, रंगाला हात नको.

ते जाळं म्हणजे वरच्या पारदर्शक थरावरचे, क्लिअर कोटवरचे, चरे. हा थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. बांधकामाची धूळ म्हणजे बारीक वाळूच, ती कोरड्या फडक्याने ओढली की चरे पडणारच. झटकणीनेही तेच होतं. रबिंग म्हणजे याच थरातून थोडा भाग घासून काढणं. गेलेला थर परत येत नाही, म्हणून ते वरचेवर करण्याचं काम नाही.

आता पाणी. आपल्याकडे दख्खनच्या काळ्या खडकातून येणाऱ्या भूजलात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत. म्हणजे पिण्यालायक ठरलेलं पाणीही गाडीवर डाग सोडू शकतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. कडक उन्हात तापलेल्या बॉनेटवर हे फार झपाट्याने होतं.

आणि कृपा करून आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरू नका. बचत म्हणून पुष्कळ घरांत ते साठवून गाडी धुतात. पाणी वाचवण्याची इच्छा चांगलीच आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षाही जास्त क्षार असतात. ते फरशी पुसायला घ्या. गाडीच्या शेवटच्या हातासाठी एसीचं ठिबकणारं पाणी साठवा, ते जवळजवळ क्षारविरहित असतं. गाळून घ्या म्हणजे झालं. हवा दमट असली की भरपूर मिळतं, कोरड्या एप्रिलमध्ये कमी. पावसाचं पाणीही उत्तम.

नळ नसल्यामुळे अडायचं कारण नाही. झाडांना फवारायचा हातपंप मिळतो, दोन-पाच लिटरचा. नवाच घ्या, औषध फवारलेला नको. आधी त्याने धूळ ओली करून खाली वाहू द्या. गाडीला हात त्यानंतर. मग दोन बादल्या: एकीत पीएच न्यूट्रल कार शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग वरून खाली सरळ रेषेत धुवायचा, मग साध्या पाण्यात खळबळून पुन्हा शाम्पूत. टपापासून सुरुवात, दारांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी, कारण खडी-माती तिथेच असते. एकेक भाग धुतला की लगेच पंपाने उतरवायचा आणि जाड मायक्रोफायबर टॉवेल नुसता टेकवून पाणी टिपायचं, घासायचं नाही. सूर्य वर यायच्या आत आटपा. भांड्यांचा साबण नको, त्याने असलेलं वॅक्सही निघून जातं.

प्रतिसाद २

आमच्या गावाकडे ट्रॅक्टर असो की जीप, डिझेलचा बोळा फिरवायचा, आरशासारखी चमकते. ठिपकेही दिसत नाहीत. करून बघा.

प्रतिसाद ३

दादा, डिझेलने चमक येते ती तेलाच्या पातळ थराची. ठिपके झाकले जातात, जात नाहीत. त्या थरावर धूळ अधिक चिकटते आणि दारांचं रबर हळूहळू खराब होतं. डांबराचे शिंतोडे काढायला थोडं रॉकेल चिंधीवर घेऊन तेवढ्याच जागी लावून लगेच शाम्पूने धुणं इथवर ठीक. पूर्ण गाडीला नको.

ताई, ठिपक्यांसाठी किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच एसीचं पाणी एकत्र करा. गाडी धुतलेली, थंड आणि सावलीत हवी. आधी दाराच्या खालच्या कोपऱ्यात करून पाहा. ओलं मायक्रोफायबर ठिपक्यावर दोनेक मिनिटं ठेवा, हलक्या हाताने पुसा, भरपूर पाण्याने उतरवा, शेवटी शाम्पू. क्रोमच्या पट्ट्यांवर ते सांडू देऊ नका. वर बसलेले क्षार याने विरघळतात. इतकं करूनही वळ राहिला तर डाग क्लिअर कोटमध्ये उतरलाय, तो पॉलिशनेच जाईल. पक्ष्यांच्या विष्ठेचंही तसंच. दिसली की ओलं फडकं त्यावर ठेवून मऊ करून उचलायची. वाळलेली खरवडली तर आम्लाचा डाग आणि ओरखडा दोन्ही पदरात पडतात.

हाताला लागणारी खरखर म्हणजे ब्रेकचे लोखंडी कण, सिमेंट, झाडांचा चीक असं रंगात रुतलेलं काहीबाही. त्याला क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून घेणारा मऊ मातीसारखा गोळा. रंग शाम्पूच्या पाण्याने बुळबुळीत ठेवायचा आणि क्ले अलगद सरकवायची, दाब नाही. हातातून जमिनीवर पडली तर तो तुकडा सरळ फेका, चिकटलेली खडी निघत नाही. वर्षातून एकदा पुरे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आरओचं पाणी ही गोष्ट कधी लक्षातच आली नव्हती. आमच्या मजल्यावर दोन घरांत ते साठवतात, त्यांनाही सांगते. एसीच्या पाइपखाली कॅन लावला आहे.

जाळ्याचं काय करू? ते हाताने पॉलिश करून जाईल का, की मशिनच लागेल? आणि चाकांबद्दल कुणी सांगेल का? आमच्या वॉचमन काकांनी बाथरूम क्लीनर सुचवलाय. त्यांच्या स्कूटरची चाकं त्याने लख्ख झाली म्हणतात.

प्रतिसाद ४

बाथरूम क्लीनर अजिबात नको! संडासासाठी मिळतं त्यात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. मशिन कट अलॉयची चंदेरी कड म्हणजे उघडं घासलेलं ॲल्युमिनियम, वर फक्त पारदर्शक लॅकर. आम्ल लॅकरच्या फटीतून आत गेलं की धातू फुलतो. त्याने ब्रेकच्या भागांनाही गंज चढतो.

चाकं आधी धुवा, बाकी गाडी नंतर. त्यांची बादली आणि हातमोजा वेगळे, ते रंगाला कधीच लावायचे नाहीत. गाडी चालवून आणल्या आणल्या धुवू नका, चाक हाताला थंड लागलं पाहिजे. आधी शाम्पू आणि मऊ ब्रशने आऱ्यांच्या मागपर्यंत. तपकिरी थर त्याने जाणार नाही, कारण ते ब्रेक डिस्क आणि पॅडचे तापून चिकटलेले लोखंडी कण आहेत. त्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. फवारला की लोखंडाशी संयोग होऊन जांभळा रंग उतरतो. सडल्यासारखा उग्र वास येतो, मोकळ्या हवेत करा आणि हातमोजे घाला. वाळू द्यायचा नाही, बाटलीवर लिहिलेल्या वेळेतच धुवून टाका. एक-एक चाक घ्या. मग कोरड्या चाकावर सीलंट किंवा वॅक्स लावून ठेवा, पुढच्या वेळी नुसत्या शाम्पूने भागेल.

व्हॉल्व्हजवळच्या पांढऱ्या रेषांना मात्र घरी इलाज नाही. लॅकरखाली गंज धरलाय. ते चाक रिफिनिश करणाऱ्याकडेच जाणार. घाई नाही, पण दर धुण्याला बघत राहा, वाढतंय का ते. त्याच चाकाची हवा वारंवार कमी होत असेल तर मात्र लगेच दाखवा.

टायरला चमक देणारं पॉलिश फक्त बाजूला, तेही पुसून उरलेलं काढायचं. जमिनीला टेकणाऱ्या भागावर किंवा ब्रेक डिस्कवर कधीच नाही, पकड जाते. धुतल्यावर डिस्कवर पिवळसर गंज दिसेल, त्याने घाबरू नका. गल्लीत हळू चालवत दोन-चार वेळा ब्रेक दाबले की जातो.

प्रतिसाद १

जाळ्याबद्दल माझं मत. फिनिशिंग पॉलिश आणि फोमच्या पॅडने हाताने केलंत तर बारीक चरे थोडे मवाळ होतील, पूर्ण जाणार नाहीत. त्यासाठी ड्युअल ॲक्शन, म्हणजे पॅड गोल फिरता फिरता हेलकावेही घेतं असं, मशिन लागतं. ते नवशिक्यालाही झेपतं, गॅरेजमधलं नुसतं गोल फिरणारं रोटरी तितकं नाही. पण माझं ऐकाल तर हा पावसाळा पॉलिश नको. वर सांगितल्यासारखं धूत राहा. नवे चरे पडणं थांबलंय अशी खात्री झाली की दिवाळीच्या आधी एकदाच चांगल्या माणसाकडून मशिन पॉलिश करून घ्या, पेंटची जाडी मोजून काम करणाराच शोधा. नख अडकतं असा चरा असेल तर तो पॉलिशने काढायचा हट्ट धरू नका.

तोपर्यंत स्प्रे सीलंट (फवारून लावायचा संरक्षक थर) पुरे, काही महिने टिकतं. सिरॅमिक चांगलं, पण लोक समजतात तसं ते कवच नाही. धुणं सोपं होतं, उन्हाचा त्रास कमी होतो. दगडाचे टवके त्याने थांबत नाहीत. त्यासाठी पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, निदान बॉनेटच्या पुढच्या कडेला. बोअरच्या पाण्याचे डाग सिरॅमिकवरही पडतात, उलट थेंब गोळा होऊन जास्त ठसठशीत दिसतात. आणि उघड्या पार्किंगमध्ये कव्हर घालत असाल तर धुळीच्या गाडीवर घालू नका, वाऱ्याने ते हलतं आणि खालची धूळ रंगावर घासली जाते.

धागाकर्ती

कव्हर घालत होतो, काढून ठेवते. फवारणीचा पंप, हातमोजे आणि दोन टॉवेल मागवले. मायक्रोफायबर घरच्या मशिनमध्ये बाकी कपड्यांबरोबर टाकले तर चालतील का?

प्रतिसाद ३

नको, सुती कपड्यांचे धागे त्यात अडकतात. वेगळे धुवा, लिक्विड डिटर्जंट, गार पाणी, कम्फर्टसारखं काही घालू नका, त्याने पाणी शोषणं कमी होतं. सावलीत वाळवा. चाकांचे टॉवेल दुसऱ्या रंगाचे ठेवा म्हणजे घरात कुणीही उचलले तरी अदलाबदल होणार नाही.