पोर्ट्रेट स्केचिंगसाठी जुनी मासिकं मुंबईत कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. चारकोलमध्ये चेहऱ्यांचा सराव चालू आहे आणि मोबाईलवरच्या फोटोंचा आता कंटाळा आलाय. सगळे चेहरे इस्त्री केल्यासारखे! जुन्या अंकांतले कृष्णधवल फोटो बघा: एकाच बाजूने प्रकाश, नाकाची सावली थेट ओठांवर, सुरकुत्या जशाच्या तशा. जवळून पाहिलं तर छपाईचे नुसते ठिपके दिसतात, पण डोळे किलकिले केले की गडद-फिकट भाग लगेच वेगळे होतात.

१९९३ मध्ये बंद पडलेल्या 'इलस्ट्रेटेड वीकली' या इंग्रजी सचित्र साप्ताहिकाचे अंक कुणाकडे आहेत का? चित्रकार दीनानाथ दलालांच्या 'दीपावली' या दिवाळी अंकाच्या जुन्या प्रतीही चालतील. अर्थात त्या दलालांच्या रेषा अभ्यासायला. दुसऱ्याच्या चित्रावरून पोर्ट्रेट करणं मला तरी पटत नाही.

फ्लोरा फाउंटनचे फुटपाथवाले आणि माटुंग्याचं किंग्ज सर्कल पालथं घातलं, पण हाताला लागल्या त्या कादंबऱ्या आणि परीक्षांची गाईडं. सुट्टे अंक ठेवणारा एखादा रद्दीवाला माहीत आहे का? हार्बर लाईनवर असेल तर उत्तमच. आणि दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जुने अंक समोर ठेवून स्केच करू देतात का? चारकोल नाही, साधी पेन्सिलच नेईन.