रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज: गिअरबॉक्स उतरवावाच लागेल का?

मुलुंडकर_पूर्व
नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल, मॅन्युअल, २०१३ चं मॉडेल, केबलचा क्लच. पुढचे पाचही गिअर बिनबोभाट पडतात, पण रिव्हर्स टाकला की कर्रर्र! सकाळी गाडी थंड असताना जास्त. आमच्या सोसायटीत दोन खांबांमधून मागे घेतल्याशिवाय गाडी बाहेर निघत नाही, त्यामुळे हा कार्यक्रम रोज अख्ख्या विंगला ऐकू जातो. वॉचमनने तर विचारलं, "साहेब, काय तुटलं काय?" जवळच्या गॅरेजवाल्याने गाडी न चालवताच निदान केलं: रिव्हर्सचा गिअर गेला, गिअरबॉक्स उतरवू, पंचवीस हजार धरून चाला. पटत नाहीये. कुणी सांगेल का?

पार्लेकर
टेन्शन घेऊ नका. माझीही गाडी रिव्हर्समध्ये घूंऽऽ करते, नवी घेतल्यापासून. रिव्हर्सला आवाज असतोच.

ग्रीसकाका
पार्लेकर, तुमचा आवाज वेगळा, यांचा वेगळा. गाडी मागे जाताना जी घूं ऐकू येते ती दात्यांची. पुढच्या गिअरांचे दाते तिरके कापलेले, ते एकमेकांत हळूहळू शिरतात म्हणून गप्प असतात. बहुतेक गाड्यांत रिव्हर्सचे दाते सरळ, अख्खे एकदम भिडतात आणि बोंबलतात. त्याला औषध नाही, लागतही नाही.

मुलुंडकरांचा आवाज गिअर *टाकताना* येतोय. पुढच्या गिअरांना सिंक्रोनायझर असतो, म्हणजे दाते भिडायच्या आधी दोन्हीकडची गती जुळवून घेणारी पितळी रिंग. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला ती दिलेलीच नसते. क्लच दाबला तरी गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनाकडून गती घेणारा दांडा, आधीच्या वेगाने थोडा वेळ फिरत राहतो. गाडी उभी, म्हणजे पलीकडची बाजू थांबलेली. फिरता दाता थांबलेल्या दात्यावर घासला की कर्रर्र. थंड इंजिनाचं आयडलिंग चढं असतं, म्हणून सकाळी जास्त.

आता खिशात हात घालायच्या आधी हे करा. इंजिन बंद ठेवून रिव्हर्स टाका. कधीकधी दात्यासमोर दाता येऊन अडतो, मग क्लच सोडून परत दाबायचा, जोर लावायचा नाही. नीट पडला तर पुढची पायरी. हँडब्रेक ओढा, इंजिन चालू, न्यूट्रल, क्लच पार तळापर्यंत, मनात पाच आकडे मोजा आणि मग रिव्हर्स. आवाज गेला तर गाडी ठणठणीत आहे, तुमची घाई नडतेय. अशांनी क्लच न सोडता आधी पहिला टाकावा, मग रिव्हर्स. पहिल्याचा सिंक्रोनायझर शाफ्टला थांबवून देतो.

पाच मोजूनही करकर राहिली तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून नीट वेगळं होत नाहीये. खात्री करायची तर सपाट, मोकळ्या जागेत पहिला टाकून क्लच तळापर्यंत दाबा आणि हँडब्रेक सोडा. गाडी सरकायला बघतेय का?

आणि हो, पेडलखालची मॅट बघा. कुर्ल्याला सीएसटी रोडवर त्या गुबगुबीत मॅट मिळतात ना, त्या एकीवर एक टाकल्या की पेडल तळाला पोचतच नाही. मग लोक गिअरबॉक्सला शिव्या देतात.

मुलुंडकर_पूर्व
काका, इंजिन बंद असताना अगदी गुपचूप पडला. चालू असताना पाच मोजून टाकला, आवाज कमी झाला पण गेला नाही. पहिल्यात क्लच दाबलेला असताना गाडी चक्क पुढे सरकली. मॅट साधीच आहे, तीही काढून पाहिली.

ग्रीसकाका
मग गिअरबॉक्स खोलायची भाषा आत्ताच नको. बॉनेट उघडा, घरातल्या कुणाला तरी इंजिन बंद ठेवून पेडल दाबायला सांगा, आणि गिअरबॉक्सवरची जी दांडी केबल ओढते तिच्याकडे बघा. पेडल पुरतं खाली जाऊनही दांडी जेमतेम हलत असेल तर दोष केबलचा. दोन्ही टोकं तपासा. तारेचा एकेक पदर तुटत जातो, बाहेरून कळत नाही. एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये दर दहा फुटांवर क्लच, केबल काय करणार बिचारी! नट आवळून ताण वाढवता येतो, पण पेडलची सगळी मोकळी चाल खाऊन टाकू नका. रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग, सतत दाबलेलं राहतं आणि क्लच घसरायला लागतो.

केबल चांगली निघाली, तर मात्र प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण सेट बदला. खरी मजुरी गिअरबॉक्स उतरवायची असते, ती दोनदा कशाला द्यायची?

ठाण्याची_ड्रायव्हर
ज्यांचा क्लच हायड्रॉलिक आहे त्यांनी आधी फ्लुइडची पातळी बघा. माझ्या गाडीत क्लचचा सिलिंडर गळत होता, लाइनमध्ये हवा शिरली होती. पेडल दोन-तीनदा पंप केलं की रिव्हर्स आवाज न करता पडायचा. तीच खूण.

मुलुंडकर_पूर्व
काका, केबलच! पेडलच्या टोकाला तारा पिंजारल्या होत्या, दोन-तीन पदरांवर लटकली होती. दुसऱ्या मिस्त्रीकडून बदलून घेतली, मजुरीसकट हजाराच्या आत. करकर बंद. वॉचमनही काही बोलला नाही. मिस्त्री म्हणतोय गिअर ऑइलही बदला, बदलू का? आणि आता आवाज नाही म्हटल्यावर दुसरंच ऐकू येतंय, रिव्हर्समध्ये क्लच सोडताना एक बारीक ठक्.

ग्रीसकाका
ऑइल बरीच वर्षं बदललं नसेल तर बदला, पण गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच. तिथे जीएल-४ असेल तर कुणी 'वरचं आहे' म्हणून जीएल-५ ओतायला आला तर नको म्हणा. काही जीएल-५ ऑइलमधली रसायनं त्या पितळी रिंगांना खातात.

ठक् म्हणजे बहुधा इंजिनाची माउंटिंग, इंजिन ज्यांवर टेकतं ते रबरी आधार. रबर बसलं असेल. बॉनेट उघडं, हँडब्रेक घट्ट, ब्रेकवर पाय, रिव्हर्स टाकून क्लच जरासाच उचलायला सांगा. इंजिन किती उसळतंय ते बाजूला उभं राहून बघा, गाडीच्या पुढे किंवा मागे उभे राहू नका. कुठल्या बाजूला उसळतंय ते इथे लिहा, मग कुठलं माउंटिंग ते सांगतो.