बर्डीवरची साठ रुपयांची केबल घ्यावी की नाही?

मनीषनगरकर
माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नये. लोक चार्जर घेताना बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का बघतात आणि केबल मात्र बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीच्या फुटपाथवर, दिसेल ती उचलतात. चार्जरच्या जुन्या चपट्या यूएसबीतून टाईप-सीला जाणाऱ्या केबलच्या सी टोकात 56 किलो-ओहमचा रेझिस्टर (करंटला रोध करणारा बारीक भाग) लागतो. समोरचं पोर्ट जुनं आहे, बेतानं करंट घे, हे फोनला त्यावरूनच कळतं. तिथे 10 किलो-ओहमचा बसवला, की फोन 3 अँपिअर ओढू पाहतो आणि लॅपटॉपच्या जुन्या पोर्टवर भार येतो. गूगलचे इंजिनिअर बेन्सन लिऊंग यांनी 2015 मध्ये अशा केबली एकेक करून तपासल्या. 2016 मध्ये आतल्या तारा उलट्या जोडलेल्या एका केबलनं त्यांचा लॅपटॉपच जाळला. घरात एक चांगली सी-टू-सी, म्हणजे दोन्ही टोकं टाईप-सी असलेली, केबल ठेवा, बाकीच्या टाकून द्या.

इतवारी रिपेअरिंग
भाऊ, टाकून कशा द्यायच्या? माझ्याकडे टाईप-सी तोंडाचे स्वस्त स्पीकर, टॉर्च, ट्रिमर रोज येतात. गिऱ्हाईक म्हणतं, मेला. मेलेला नसतो. आतले 5.1 किलो-ओहमचे दोन रेझिस्टर कंपनीनं वाचवलेले असतात, म्हणून सी-टू-सी लावली की नव्या चार्जरला समोर काही आहे हेच कळत नाही आणि तो व्होल्टेज सोडत नाही. जुना चार्जर आणि जुनी केबल लावा, लगेच लाल दिवा लागतो. जुन्या फोनांच्या मायक्रो-यूएसबी केबलीत तर 56 किलो-ओहमची भानगडच नाही. लोकांना उगाच भेव दाखवू नका.

धरमपेठवाली
दादा, मायक्रोच्या केबलीतही तार बारीक असतेच ना? 28 गेजच्या एक मीटर केबलमध्ये जाऊन-येऊन साधारण 0.43 ओहम रोध होतो. 2 अँपिअर वाहिले की 5 व्होल्टातले 0.85 वाटेतच जातात आणि त्यांची उष्णता होते. 22 गेजला हेच नुकसान 0.2 व्होल्टाच्या आसपास राहतं. आकडा लहान तेवढी तार जाड. बाहेरून दोन्ही केबली सारख्याच गुबगुबीत दिसतात, कारण जाडी रबराची असते. साठ रुपयांत तांबं कुठून येणार?

हुडकेश्वरचा डिलिव्हरीवाला
ताई, हिशोब बरोबर आहे, पण माझा फोन दिवसभर गाडीवर पॉवर बँकेला लागलेला असते. हँडल वळते तशी केबल मानेपाशी तुटते, सहाशेची असो की साठची. सहाशे रुपये दर वेळी कुठून आणू?

मनीषनगरकर
सहाशेची घ्याच असं मी म्हणत नाही. 5 अँपिअरच्या केबलीत ओळख सांगणारी चिप लागते, म्हणून ती महाग पडते. तुमच्या फोनला 3 अँपिअरची, चिप नसलेली सी-टू-सी भरपूर झाली. नियमाप्रमाणे ती 60 वॉटपर्यंत चालते. पॉवर बँकेला सी तोंड असेल तर अर्ध्या मीटरची घ्या. लांबी अर्धी, रोध अर्धा, किंमतही कमी. पण डब्यावर अँपिअर छापलेले आणि दुकानाचं बिल हवंच. फुटपाथवर परत कोणाकडे जाणार?

इतवारी रिपेअरिंग
बिलाचं मान्य. पण मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला, की चार्जिंग स्लो झालं म्हणून लोक चांगल्या केबली फेकून राहिले. बॅटरी तापली की फोन स्वतःच चार्जिंग कमी करतो, केबलीचा त्यात दोष नसतो. आधी फोन कुलरसमोर ठेवून थंड होऊ द्या, मग बघा. फोन गार आणि केबलीचं टोक मात्र हाताला चटका देते, रंग पिवळा पडला, पिन हलते, अशी केबल मी स्वतः कापून टाकतो. तिला टेप लावून द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला मी परत पाठवतो.

धरमपेठवाली
कापता हे फार चांगलं करता. नाहीतर तीच केबल घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या फोनला लागते आणि रात्रभर उशीखाली राहते.