दुनळी बारा बोअर: नळी आणि ब्रीचमधली फट घरी कशी तपासावी?

कुळागर_सत्तरी
शेतराखणीच्या परवान्यावरची जुनी बॉक्सलॉक (घोडे आत पेटीत असलेली) दुनळी आहे, बारा बोअर. बंद केल्यावर नळी हाताला किंचित हलते. उडवलेल्या काडतुसाची टोपी (बुडाच्या मध्यावरची, पिनेच्या ठोक्याने पेटणारी) बुडापेक्षा वर आलेली दिसते, तीही फक्त उजव्या नळीत. रायफलचा हेडस्पेस (बंद केल्यावर काडतुसाला मागे उरणारी मोकळीक) बघायला गो आणि नो-गो गेज, म्हणजे तयार मापं, असतात, तसं दुनळीचं घरी काही तपासता येतं का? आणि कुठे थांबावं?

ब्रीचफेस
तपासता येतं, आणि तपासायलाच हवं. दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची डोळ्यांनी खात्री करा. या सगळ्या कामात जिवंत काडतूस जवळपासही ठेवू नका.

पहिली गोष्ट म्हणजे फोरएन्ड (नळीखालचा, डाव्या हातात धरायचा लाकडी भाग) काढून ठेवा. फोरएन्डची स्प्रिंग नळीला मागे दाबून धरते आणि झीज लपवते. ते लावून ठेवून केलेली तपासणी फुकट. ते नसताना नळी बिजागरीच्या पिनेवरून सुटू शकते, म्हणून एका हाताने खालून आधार द्या. बंदूक बंद करा, दस्ता काखेत घट्ट धरा आणि नळी वर-खाली, मग डावी-उजवीकडे हलवून बघा. नंतर खिडकीच्या उजेडासमोर आडवी धरा. नळीचं बूड आणि ब्रीच (ते बूड टेकतं ती मागची लोखंडी भिंत) यांच्यामधून उजेडाची रेघ दिसता कामा नये.

रेघ दिसली तर मोजा. साधा 80 जीएसएमचा कागद साधारण 0.1 मिमी जाडीचा असतो. त्याची बोटभर रुंदीची पट्टी मध्ये ठेवून बंदूक बंद करा आणि ओढा. न फाटता सरकली तर माझ्या मते ती बंदूक कारागिराकडे जाईपर्यंत उडवू नये. फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचं माप) असेल तर उत्तम, पण पातं जबरदस्तीने घुसवू नका.

टेकण्याची जागा बघायची असेल तर तेल पुसून ब्रीचवर कापराची काजळी धरा, बंदूक हलक्या हाताने बंद करून उघडा. काजळी नळीच्या बुडावर कुठे उमटली ते बघा. फक्त खालच्या कडेला उमटली असेल तर वरची बाजू टेकत नाही.

आता उजव्या नळीचं. दोन्ही नळ्या खालच्या एकाच हुकाने एकाच बिजागरीच्या पिनेवर फिरतात, म्हणून बिजागरी झिजली की टोपी सहसा दोन्हीकडे वर येते. आधी बघा, डावीकडून तीच काडतुसं उडवली होती का? तीच असतील आणि डावीकडची टोपी सपाट असेल, तर उजव्या नळीतली काडतुसाच्या कडेची खाच खोल झालेली असू शकते. नळी काढा, एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर उचलणारा तुकडा) बोटाने पूर्ण आत दाबा आणि व्हर्निअरच्या दांडीने खाचेची खोली मोजा. दांडीचं टोक टेकवायचं खाचेच्या तळाशी नळीच्या पायरीवर, एक्स्ट्रॅक्टरवर नाही. त्यातून न फुगलेल्या रिकाम्या काडतुसाच्या कडेची जाडी वजा करा आणि वर मोजलेली फट मिळवा. समजा खाच 1.90, कड 1.70 आणि फट 0.10, तर काडतुसाला 0.30 मिमी मोकळीक आहे. तुम्ही म्हणता तो हेडस्पेस हाच. दोन्ही नळ्यांचे आकडे शेजारी मांडले की दोष कुठे आहे ते कळतं.

पूर्ण टोपी वर आली आहे, की फायरिंग पिनेच्या (टोपीवर ठोका मारणाऱ्या) खळग्याभोवती फक्त कडं उठलं आहे, हेही भिंगाने बघा. कडं असेल तर ब्रीचमधलं फायरिंग पिनेचं भोक मोठं झालेलं असू शकतं. तो वेगळा दोष.

लेथ_फोंडा
वर सगळं बरोबर आहे, एक भर घालतो. बंदूक जड बंद होत असेल तर आधी एक्स्ट्रॅक्टरखालचा मळ काढा. निवडणुकीत ठाण्यात जमा असलेली बंदूक परत येते तेव्हा दमट हवेने तिथलं तेल चिकट झालेलं असतं, गंज धरलेला असतो. एक्स्ट्रॅक्टर केसभर वर राहिला तरी मापं चुकतात.

टॉप लिव्हरचंही (बंदूक उघडायचा वरचा खटका) सांगतो. नव्या बंदुकीत बंद केल्यावर तो मधल्या रेषेच्या थोडा उजवीकडे थांबतो. मध्यावरून डावीकडे गेला असेल तर खालचा बोल्ट (नळी बंद धरून ठेवणारी कडी) झिजला.

जुनी_नळी
चेंबरची (नळीत काडतूस बसतं त्या भागाची) लांबी बघितली का? जुन्या विलायती बंदुका बऱ्याचदा 65 मिमीच्या असतात आणि आज बाजारात काडतूस 70 मिमीचं मिळतं. 70 हे उडाल्यानंतर उघडलेल्या काडतुसाचं माप. न उडवलेलं 60 च्या आसपास असतं, म्हणून 65 च्या चेंबरमध्ये ते निमूट बसतं आणि माणूस फसतो. उडताना तोंड उघडायला जागा मिळत नाही, दाब वाढतो आणि बिजागरी लवकर सैल होते. नळीच्या खालच्या सपाट बाजूवरचे शिक्के वाचा. शिक्का पुसला असेल तर चेंबरमध्ये टॉर्च मारा, नळी अरुंद व्हायचा उतार सुरू होतो तिथपर्यंत अरुंद स्टील पट्टी घालून मोजा. फोरएन्ड कितीही घट्ट असो, हे माप चुकलं तर बाकी दुरुस्ती टिकणार नाही.

कुळागर_सत्तरी
चेंबर 70 चं आहे, शिक्का स्पष्ट आहे. फोरएन्ड काढल्यावर कागद दोन्हीकडे सरकतो, उजवीकडे जास्त सहज. हुकावर पितळी पत्र्याची पट्टी चिकटवली तर चालेल असं एकाने सुचवलं.

ब्रीचफेस
नको. पट्टी दाबाने पसरते, फट परत येते, आणि तोवर बंदूक ठीक झाली असं वाटत राहतं. हुक ठोकून पसरवणंही तसंच. खरं काम म्हणजे जाड पिन बसवणं, किंवा हुकावर वेल्डने धातू चढवून काजळी लावत घासत नेमका टेकवणं. ते नळीचा जोड सुटू न देता करायचं असतं. गरम राळेचा वास आला तरी कारागिराला थांबवा, कारण नळ्यांमधल्या पट्ट्या सहसा मऊ झाळेने जोडलेल्या असतात.

आणि घरी इथवरच. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 प्रमाणे बंदूक बनवायलाच नव्हे, दुरुस्त करायला आणि तपासून प्रमाणित करायलाही वेगळा परवाना लागतो. बाळगण्याचा परवाना त्याला पुरत नाही. परवानाधारक कारागिराकडे द्या, पावती घ्या, आणि दोन्ही नळ्यांचे आकडे कागदावर लिहून सोबत द्या. परत आल्यावर तेच आकडे पुन्हा मोजा, फोरएन्ड काढूनच.